चकती उरली, नगर कुठं गेलं?

एन्कार्टाच्या जमान्यात आपणही आपापल्या गावाचे कोश सीडीवर चढवले होते. आता ड्राइव्ह नाही, प्रोग्रॅम चालत नाही, फाँट सापडत नाही. पण म्हणून सगळं संपलं असं समजू नका…

साधा प्रश्न. तुमच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह आहे का?

ऑफिसमध्ये विचारून पाहा. बहुतेक जण लॅपटॉप उचलून त्याच्या कडा तपासतील, मग खांदे उडवतील. आता दुसरा प्रश्न. घरी, म्हणजे गावच्या घरी, टीव्हीच्या शोकेसखाली किंवा पलंगाच्या कप्प्यात सीड्यांचं ते झिपवालं पाकीट आहे का? इथे मात्र सगळ्यांचे हात वर! लग्नाची सीडी, बारशाची सीडी, कॉम्प्युटर क्लासची सीडी, 'मार्कर'ने नाव लिहिलेली आणि ते पुसलं गेल्यामुळे आता कशाचीच नसलेली सीडी…

एकेकाळी या चकतीचा काय रुबाब होता! बोटाचे ठसे उमटू नयेत म्हणून कडेला धरायची, फुंकर मारायची, शर्टाला पुसायची. आज तीच चकती शेतात पाखरं हाकलायला दोरीला टांगलेली दिसते, नाहीतर चहाच्या कपाखाली. रिटायरमेंट म्हणा हवं तर. पण गाणी आणि सिनेमे गेले तर फारसं बिघडत नाही, ते दुसरीकडे मिळतात. लोचा वेगळाच आहे. काही गोष्टी फक्त आणि फक्त त्या चकतीवरच होत्या. त्यांचं काय?

ज्ञानाचा डबा, सातशे एमबीचा

आधी थोडं फ्लॅशबॅक. १९९३ साली मायक्रोसॉफ्टने 'एन्कार्टा' आणला. अख्खा ज्ञानकोश एका सीडीवर. त्यात नुसते लेख नव्हते, तर आवाज होते, नकाशे होते, छोटे व्हिडिओ होते. सिंहावर क्लिक केलं की सिंह डरकाळी फोडायचा. आज हसू येईल, पण ज्यांच्या घरात ज्ञानकोशाचे जाडजूड खंड कधीच आले नसते, त्यांच्यासाठी हा प्रकार म्हणजे सॉलिड धमाका होता. कॉम्प्युटर घेतला की 'पोरांच्या अभ्यासासाठी' ही सीडी हवीच, असा तो फंडा. (ती ओरिजिनल असायची का, हा प्रश्न आपण सभ्यपणे टाळू या!)

मग 'मल्टिमीडिया' हा शब्द सगळीकडे घुसला. शाळेच्या पुस्तकासोबत सीडी, मासिकासोबत सीडी, संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाला स्मरणिकेच्या जोडीला सीडी. सीडीवर साधारण ६५० ते ७०० मेगाबाइट मावायचे. एवढ्यात एखाद्या तालुक्याचा इतिहास, भूगोल, फोटो आणि वर दोन-चार लोकगीतं आरामात बसत. छपाईपेक्षा खर्च कमी, आणि वर 'हायटेक' म्हणून कौतुक जास्त. हौशी मास्तर, गावातला कॉम्प्युटर क्लासवाला आणि एखादा स्थानिक इतिहासवेडा असे तिघं जमले, की झाला कोश तयार.

एन्कार्टा २००९ मध्ये बंद पडला. त्याची बातमी झाली, जगभर लोकांनी उसासे टाकले. आपल्या तालुक्याच्या कोशाची मात्र ना बातमी झाली, ना कुणी उसासा टाकला. तो नुसता उघडेनासा झाला.

साहेबाचाही पोपट झाला होता

'आपल्याकडे हे असंच' असं म्हणून मोकळं होऊ नका. या बाबतीतली जगातली सगळ्यात गाजलेली फजिती इंग्लंडातली आहे.

१०८६ साली इंग्लंडच्या राजाने देशभरच्या जमिनी, गुरंढोरं, गिरण्या यांची मोजणी करून घेतली. तिचं नाव 'डूम्सडे बुक'. तिला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवं, मल्टिमीडिया डूम्सडे काढलं. कल्पना जाम भारी होती. देशाचे चार किलोमीटर बाय तीन किलोमीटरचे चौकोन पाडले आणि शाळांना सांगितलं, तुमच्या चौकोनाची माहिती तुम्ही लिहा. मुलांनी गावातली दुकानं, खेळ, जेवण, आईबाबांची कामं असं सगळं लिहिलं, फोटो काढले. दहा लाखांहून जास्त माणसांचा हात त्याला लागला. हे सगळं ताटाएवढ्या लेझरडिस्कवर चढवलं गेलं.

पण ती डिस्क वाचायला खास प्लेअर लागायचा आणि त्याला जोडायला ठरावीकच कॉम्प्युटर. तो अख्खा सेट एवढा महाग होता, की ज्या शाळांनी माहिती गोळा केली, त्यांतल्या कित्येकांना तो परवडलाच नाही. पुढे ते प्लेअर दुर्मीळ झाले. २००२ च्या सुमाराला सगळ्यांच्या लक्षात आलं, की १०८६ ची चामड्यावर लिहिलेली वही अजून सरळ वाचता येते, पण १९८६ ची डिस्क वाचायची तर आता बोंब आहे!

मग लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या मंडळींनी नव्या कॉम्प्युटरच्या आत त्या जुन्या कॉम्प्युटरची नक्कल उभी केली आणि माहिती बाहेर काढली. २०११ मध्ये बीबीसीने त्यातला गावोगावचा भाग वेबसाइटवर टाकला. सुटलो म्हणावं, तर २०१८ मध्ये ती वेबसाइटही बंद झाली! तिची प्रत तिकडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ठेवली, म्हणून निभावलं.

म्हणजे बघा. डिस्क दगा देते, आणि 'ऑनलाइन टाकलं की काम झालं' हेही खरं नाही. आपल्यातल्या ज्यांचे फोटो ऑर्कुटवर होते, त्यांना वेगळं सांगायला नको. ते दुकान २०१४ मध्ये उठलं.

नगरचं काय?

आता आपल्या गावाकडे वळू. मी मूळची नगरची. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, त्यामुळे पुढच्या पिढीतली मुलं 'अहमदनगर' असं टाइप करून काही शोधतील की नाही, कोण जाणे. म्हणूनच जुन्या नावाखाली जे काही जमा झालंय, ते कुठे आहे हे बघायचं माझ्या डोक्यात आलं.

जुन्यातलं जुनं सांगायचं तर गॅझेटिअर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सतरावा खंड म्हणजे अहमदनगर, जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली १८८४ मध्ये छापलेला. त्यात पाऊस, पिकं, जातीजमाती, बाजार, जत्रा सगळं आहे, आणि शेवटी एकेका गावाची नोंद. भाषा साहेबी, नजरही साहेबी, पण माहिती खच्चून भरलेली. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र सरकारच्या गॅझेटिअर विभागाने १९७६ मध्ये जिल्ह्याची सुधारित आवृत्ती काढली. आणि २००० च्या दशकात याच विभागाने जुने खंड ई-बुक करून सीडीवर आणले. त्यामुळे दर्शनिका (गॅझेटिअरचं हे मराठी नाव, मला फार आवडतं) पहिल्यांदाच ग्रंथालयाच्या कुलुपबंद कपाटातून बाहेर आल्या.

या सीडीचं नशीब चांगलं. ती सरकारी होती, तिच्या मागे छापील पुस्तक होतं आणि तोच मजकूर पुढे वेबवरही आला. चकती हरवली तरी १८८४ हरवत नाही.

पण ज्यांच्या मागे छापील पुस्तक नाही, सरकार नाही, त्या सीड्यांचं काय? त्यातलीच एक आमच्याच घरात निघाली.

मामांची सीडी

माझे मामा पारनेर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मास्तर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. २००२ च्या आसपास त्यांनी आणि आणखी तीन शिक्षकांनी मिळून तालुक्याचा मल्टिमीडिया कोश केला होता. निघोजचे रांजणखळगे, पिंपळगाव रोठ्याच्या कोरठण खंडोबाची जत्रा, सेनापती बापटांचं पारनेर, राळेगणसिद्धीतली पाण्याची कामं, हे तर होतंच. पण त्याशिवाय गावोगाव फिरून त्यांनी म्हाताऱ्या माणसांचे आवाज टेप केले होते. जात्यावरच्या ओव्या, विहिरींची नावं, आणि १९७२ चा दुष्काळ.

त्या आवाजांतला एक माझ्या आजीचा.

"आहे का मामा अजून ती सीडी?" मी फोनवर विचारलं.

"आहे की! जपून ठेवलीय. प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून."

"आणि कुठं कॉपी करून ठेवलंय का?"

"अगं, कॉपी कशाला? तेव्हा सीडी म्हणजे काय वाटायचं माहितीय का, आता हे कायमचं झालं. कागदाला वाळवी लागते, सीडीला काय होतंय?"

मामांचा तर्क त्या काळाला धरून होता. जाहिराती तेच सांगत होत्या. प्रत्यक्षात कारखान्यात छापलेली सीडी आणि आपण घरी 'राइट' केलेली सीडी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. छापील सीडीत माहिती प्लास्टिकमध्ये खड्ड्यांच्या रूपात दाबलेली असते. 'राइट' केलेल्या सीडीत ती रंगाच्या पातळ थरात असते, आणि ऊन, उकाडा, दमट हवा यांचं त्या रंगाशी वैर आहे. आणखी एक गंमत म्हणजे आपण खालची चकचकीत बाजू जपतो, पण सीडीचा नाजूक थर असतो वर, लेबलच्या अगदी खाली. खालच्या बाजूचे बारीक ओरखडे पॉलिश करून घालवता येतात. वरून बॉलपेनने नाव रेटून लिहिलं किंवा स्टिकर चिकटवून ओढला, की कारभार आटोपला.

मामांच्या सीडीवर शाळेच्या नावाचा स्टिकर होता. अर्धा निघालेला.

तीन कुलपं

पुण्यात माझी रूममेट आयटीतली आहे. शनिवारची दुपार, मॅगी, आणि ऑनलाइन मागवलेला यूएसबीचा ड्राइव्ह. एवढ्या तयारीनिशी आम्ही बसलो.

पहिलं कुलूप म्हणजे ड्राइव्ह. ते पैसे टाकून उघडलं, हजार-दीड हजारांत काम झालं. सीडी घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली आणि फोल्डर दिसले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुसरं कुलूप म्हणजे प्रोग्रॅम. 'सेटअप'वर क्लिक केलं आणि विंडोजने हात वर केले. त्या काळातले बरेच इन्स्टॉलर १६ बिटचे, आणि आजचं ६४ बिटचं विंडोज त्यांना ओळखसुद्धा दाखवत नाही. तेव्हाच्या बहुतेक मल्टिमीडिया सीड्या 'डायरेक्टर' नाहीतर 'फ्लॅश' या सॉफ्टवेअरमध्ये बनायच्या. डायरेक्टरची विक्री २०१७ मध्ये थांबली, फ्लॅशचा २०२० अखेर राम म्हटला गेला. रूममेटने शांतपणे लॅपटॉपच्या आत एक खोटा कॉम्प्युटर तयार केला, त्यावर विंडोज ९८ चढवलं आणि त्यात सीडी लावली. इंग्लंडातल्या मंडळींनी जे केलं, त्याचंच हे घरगुती व्हर्जन! आणि उघडलं की हो. निळं आकाश, मधोमध तालुक्याचा नकाशा, मागे सनई. गावावर माउस नेला की गावाचं नाव लाल व्हायचं.

आता तिसरं कुलूप, आणि हे खास आपलं, मराठी कुलूप. फाँट!

व्ही, जी, ई, एन, यू, एक्स, जे

इंग्रजी एन्कार्टाला हा त्रास नव्हता, म्हणून जरा नीट सांगते.

युनिकोड घरोघरी पोचण्याआधी कॉम्प्युटरला मराठी कळतच नसे. त्याला कळायची इंग्रजी अक्षरं. मग फाँट बनवणाऱ्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र बसवून दिलं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने तुम्ही इंग्रजीच लिहीत होता, डोळ्यांना फक्त मराठी दिसत होतं. टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांना 'कृतिदेव' आठवत असेल. त्यात 'अहमदनगर' टाइप करा आणि मग फाँट काढून टाका. स्क्रीनवर काय उरेल? इंग्रजी लिपीत व्ही, जी, ई, एन, यू, एक्स, जे. बस्स! एवढंच उरतं आपल्या शहराचं.

बरं, प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. कृतिदेवमधला 'ह' श्रीलिपीत भलतंच काही, सी-डॅकच्या फाँटमध्ये तिसरंच काही. त्यामुळे एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं की ठणठण गोपाळ. २००० च्या दशकात ज्यांनी मराठी दैनिकात किंवा डीटीपी सेंटरमध्ये काम केलंय, त्यांचे निम्मे केस याच भानगडीत पांढरे झाले.

युनिकोडने ही कटकट मिटवली. त्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. फाँट बदला, फोन बदला, 'अ' तो 'अ'च राहतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीपासून होती, पण सामान्य माणसाच्या कॉम्प्युटरवर ती पोचायला विंडोज २००० उजाडावं लागलं. त्यातल्या 'मंगल' फाँटचं डिझाइन र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकाराचं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं? सवय लागायला मात्र आणखी कित्येक वर्षं गेली. नेमक्या त्याच मधल्या वर्षांत आपल्या शाळांनी, संस्थांनी, तालुक्यांनी हौसेने सीड्या केल्या, जुन्या फाँटमध्ये.

मामांच्या टीमने एक शहाणपणा केला होता. सीडीवर 'फाँट' नावाचा फोल्डर ठेवला होता. तो त्या खोट्या विंडोजमध्ये टाकला आणि गिचमिडीतून मराठी उगवलं! मग फुकट मिळणाऱ्या कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणला. पहिली वेलांटी जिकडेतिकडे एक अक्षर सरकली होती आणि रफार भलत्याच्याच डोक्यावर बसले होते. कारण जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. ते सगळं हाताने दुरुस्त करायला मला तीन रविवार लागले. पण आता तो मजकूर कुठेही उघडतो. सर्च होतो. कॉपी होतो.

आणि आवाज? सगळ्यात मोठी गंमत इथेच. ते आवाज प्रोग्रॅमच्या पोटात नव्हते, साध्या 'वेव्ह' फाइल म्हणून वेगळ्या ठेवलेले होते. त्यांच्यासाठी एवढा खटाटोप करायची गरजच नव्हती. नुसत्या डबल क्लिकने वाजल्या. वीसेक वर्षांपूर्वीच्या चकचकीत मेनूंनी दम तोडला, साध्या फाइली टिकल्या.

आजीची फाइल मात्र अर्ध्यातच थांबली. "खडी फोडायला जायचो. सुकडी मिळायची, आन् मिलो. लाल असायचा त्यो…" आणि पुढे एरर. सीडी बरोबर तिथेच मेलेली, स्टिकर ओढला होता त्या भागात.

मामांनी मग आपल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन लावले. एकांच्या घरची सीडी नातवंडांनी खेळून फोडलेली. दुसऱ्यांकडची कोरी, म्हणजे चक्क काहीच न उमटलेली. तिसऱ्या सरांच्या मुलीने कपाटातून काढून कुरिअरने पाठवली. त्या प्रतीवर ओव्यांच्या दोन फाइली गेल्या होत्या, आजीची मात्र अख्खी होती. आमच्याकडे ओव्या होत्या. दोन अर्धवट प्रतींची मिळून एक पूर्ण प्रत झाली.

आजी जाऊन पंधरा वर्षं झाली. मिलोच्या भाकरी कशा चिकट व्हायच्या, मुकादम हजेरी कशी मांडायचा, पाझर तलावाच्या कामावर पोरं झाडाला झोळी बांधून कशी निजवायचे, हे ती पुढच्या सहा मिनिटांत सांगते. हे ना गॅझेटिअरमध्ये आहे, ना कुठल्या ज्ञानकोशात.

नेवाशाचा फंडा

हे सगळं चालू असताना मला सारखं आठवत होतं ते आमच्याच जिल्ह्यातलं नेवासं. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, तिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असं मानतात, तो 'पैस' खांब आजही तिथे आहे. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ती मूळ पोथी आज कुणाकडेच नाही. मग ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत आली कशी?

लोकांनी प्रती काढल्या म्हणून. हाताने, बोरू घेऊन, पिढ्यान् पिढ्या. प्रती काढताना चुका झाल्या, पाठभेद शिरले. तेव्हा १५८४ मध्ये एकनाथांनी शुद्ध प्रत तयार केली. आजच्या भाषेत सांगायचं तर मूळ डिस्क गेली, पण बॅकअप भरपूर होते, आणि कुणीतरी बसून ते तपासले. वेलांट्या आणि रफार सरळ करताना मला एकनाथ महाराजांबद्दल भलताच आदर वाटला, खोटं नाही सांगत!

आपल्याकडच्या मोठ्या कोशांचंही तेच. श्री. व्यं. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश १९२० च्या दशकात २३ खंडांत छापला गेला. मराठी विश्वकोशाचं काम वाईला लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली उभं राहिलं, पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि २०११ पासून विश्वकोश वेबवरही आणला गेला. छापील प्रती गावोगावच्या ग्रंथालयांत, शिवाय ऑनलाइन. एक वाट बंद झाली तर दुसरी उघडी. मोठ्या कोशांना ही चैन परवडते, कारण त्यांच्यामागे मंडळं असतात, अनुदानं असतात. मामांच्या कोशामागे होते चार मास्तर. त्यांतले दोन आता नाहीत.

इंटरनेटच्या जनकांपैकी एक, व्हिंट सर्फ, यांनी २०१५ मध्येच इशारा दिला होता, की आपण एका डिजिटल अंधारयुगाकडे निघालो आहोत. आपल्याला वाटतं, हा इशारा मोठ्या सरकारांसाठी, मोठ्या कंपन्यांसाठी असेल. पण मोठ्यांचं काही ना काही होतंच. हरवतं ते छोट्यांचं. १८८४ चं नगर सुरक्षित आहे, आजचं नगर फोनमध्ये आहे. मधलं, १९९५ ते २०१० चं, नगर झिपवाल्या पाकिटात पडून आहे. आणि ते उघडण्याची अक्कल आणि साधनं दोन्ही ज्यांच्याकडे आहेत, ती पिढी कुठली? दर शनिवारी 'वीकेंडला काय करायचं' विचारणारी. आपलीच!

वीकेंडचा उद्योग

गावी जाल तेव्हा: सीड्यांचं पाकीट मागा. लग्नाच्या सीड्या बाजूला ठेवा (त्यांचंही पुढे बघू!). शाळा, तालुका, संस्था, संमेलन, जत्रा, मुलाखती असं काही दिसलं की उचला. सोबतची स्मरणिका, कव्हर, कागदही घ्या.

पुसताना: मऊ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. वरचा स्टिकर निघत असेल तर त्याला हात लावू नका.

आधी प्रत, मग मजा: फाइली उघडत बसू नका. आधी पूर्ण सीडीची 'आयएसओ' इमेज काढा. सीडी पुढच्या वेळी उघडेलच याची खात्री नसते.

एक प्रत म्हणजे शून्य: सीडी अर्धवट वाचली गेली तर दुसऱ्याकडची तीच सीडी शोधा. वेगवेगळ्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी मरतात.

फाँट जपा: सीडीवर फाँटचा फोल्डर असेल तर तो सोनं समजा. मजकूर युनिकोडमध्ये आणा, जुनी फाइलही ठेवा.

प्रोग्रॅम अडला तर: जुन्या विंडोजसाठी व्हर्च्युअल मशीन, फ्लॅशसाठी 'रफल' नावाचा फुकट प्लेअर. नाहीच जमलं तर ऑफिसमधल्या आयटीवाल्याला कॉफी पाजा.

विचारून वाटा: ज्यांनी सीडी केली, ज्यांचे आवाज आहेत, त्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची परवानगी घ्या. मग इंटरनेट अर्काइव्हवर ठेवा, शाळेला एक पेन ड्राइव्ह द्या, तालुक्याच्या वाचनालयाला एक. मजकुराचं प्रिंटआउट काढून बाइंडिंग केलंत तर फारच उत्तम. वर नाव लिहिताना 'अहमदनगर' आणि 'अहिल्यानगर' दोन्ही लिहा, म्हणजे कुठल्याही नावाने शोधणाऱ्याला ते सापडेल.